उणे नव्वद म्हणजे नक्की किती?

पेट निघाली, मुलाखत झाली, गाइड मिळाले, कोर्सवर्कही कसंबसं संपलं. आता तुम्ही प्रयोगशाळेत एका महागड्या यंत्रासमोर उभे आहात आणि सीनियर म्हणतो, "अवघड काही नाही. ऑटो दाब, पीक सर्च दाब, फोटो काढ." हे वाक्य मी ऐकलं, पाळलं, आणि पुढे दोन ज्युनियरना सांगितलंसुद्धा. त्यामुळे आजची टीका कुणा माणसावर नाही, एका पानावर आहे. हे पान आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत सापडतं. वर मथळा असतो 'मापनाची मांडणी', मध्ये सिग्नल अ‍ॅनालायझरच्या पडद्याचा फोटो आणि खाली एक ओळ: "या ठिकाणी उणे ९० डीबीएम इतका सिग्नल आढळला."

माझं म्हणणं एवढंच आहे की हे वाक्य अपुरं आहे, आणि रुंद पट्ट्याच्या डिजिटल सिग्नलच्या बाबतीत ते अपुरं राहत नाही, सरळ चुकीचं होतं. कसं, ते माझ्याच चुकीवरून सांगते.

गच्चीवरचा प्रयोग

मी कर्जतची. आधीच सांगते, लोकल जाते ते रायगडचं कर्जत नव्हे. आमचं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, राशीन-सिद्धटेकचं, रेहेकुरीच्या काळविटांचं. दिवाळीच्या सुट्टीत रीतसर परवानगी घेऊन प्रयोगशाळेतला हातात मावणारा अ‍ॅनालायझर घरी आणला. विषय साधा होता: तालुक्याच्या गावात २जी, ४जी आणि ५जी यांचे सिग्नल किती जोरकस येतात, याची तुलना. गच्चीवर टाकीच्या कठड्याला अँटेना बांधली, केबल लावली, ऑटो दाबलं, तिन्ही पट्ट्यांत फिरून पीक सर्चचा आकडा वहीत लिहिला. २जी उणे साठच्या आसपास, ४जी उणे ऐंशीच्या खाली, ५जी उणे ९०. त्याचा छान स्तंभालेख केला. २जीचा खांब उंच, ५जीचा बुटका. प्रगती अहवालात निष्कर्ष लिहिला की ग्रामीण भागात ५जी अतिशय क्षीण आहे.

धाकटा भाऊ तिथेच पायरीवर बसून फोनवर ५जीवर मॅच बघत होता. तो म्हणाला, "ताई, तुझं मशीन म्हणतंय रेंज नाही, आणि इकडं एकदाही अडकलं नाही." मी त्याला सांगितलं की फोनच्या दांड्यांवर विश्वास ठेवायचा नसतो. ते खरंच आहे. पण त्या दिवशी चूक माझी होती.

अहवालाच्या सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: "उणे ९०, पण किती हर्ट्झमध्ये?" मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणाले, "सर, ३.५ गिगाहर्ट्झला." ते म्हणाले, "कुठे ते नाही विचारलं. किती रुंदीत ते विचारतोय."

कालव्याचं गणित

हा प्रश्न आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही बागायतदाराला लगेच कळला असता. आमच्याकडे कुकडीचं आवर्तन येतं. पाणी जुन्नरकडच्या धरणांतून निघतं, पारनेर, श्रीगोंदा करत कर्जतपर्यंत पोचतं. "पाणी किती सुटलं?" याला "पाचशे" हे उत्तर कुणी घेत नाही. पाचशे क्युसेक का? किती दिवस? मुख्य कालव्याला की आमच्या चारीला? आता समजा, कालवा शंभर फूट रुंद आहे आणि तुम्ही त्यात एक फूट रुंदीची पन्हळ धरून तेवढ्यातलंच पाणी मोजलं. तो आकडा खोटा नाही. पण तो पन्हळीचा आहे, कालव्याचा नाही.

अ‍ॅनालायझरमधली पन्हळ म्हणजे रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजेच आरबीडब्ल्यू. पडद्यावरच्या रेषेचा प्रत्येक बिंदू हा तेवढ्या रुंदीत सापडलेली शक्ती दाखवतो. सिग्नल जर एकाच कंप्रतेचा, सुईसारखा असेल, तर तो पन्हळीत अख्खा मावतो. मग आरबीडब्ल्यू १० किलोहर्ट्झ ठेवा नाहीतर १०० किलोहर्ट्झ, आकडा तोच येतो. आपण बीएस्सी-एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला सिग्नल जनरेटर लावून हेच करतो, आणि तिथेच सवय लागते की मार्करचा आकडा म्हणजे सिग्नलची शक्ती.

५जीच्या १०० मेगाहर्ट्झच्या वाहकात ३० किलोहर्ट्झ अंतरावर ३,२७६ उपवाहक असतात. सगळी शक्ती त्यांच्यात पसरलेली. आरबीडब्ल्यू १०० किलोहर्ट्झ असेल तर पन्हळीत येणारा वाटा साधारण हजारातला एक. हजारपट म्हणजे ३० डेसिबल. म्हणजे पडद्यावर उणे ९० दिसत असेल तर पूर्ण वाहकाची शक्ती उणे ६० आहे.

आता माझा स्तंभालेख पुन्हा बघा. समजा, तिन्ही सिग्नलची एकूण शक्ती अगदी सारखी, उणे ६० डीबीएम आहे, आणि तिन्ही १०० किलोहर्ट्झच्या आरबीडब्ल्यूने मोजले. २जीचा वाहक २०० किलोहर्ट्झच्या जागेत बसतो, त्यामुळे त्याचा आकडा दोन-तीन डेसिबलनेच कमी दिसेल. २० मेगाहर्ट्झच्या ४जीचा साधारण २३ डेसिबलने कमी दिसेल. ५जीचा ३० डेसिबलने. खांब आपोआप उतरत्या क्रमाने लागतील. मी कर्जतमधला ५जी मोजलाच नव्हता. जो सिग्नल जितका रुंद तितका तो पन्हळीत कमी मावतो, एवढंच सिद्ध केलं होतं, आणि त्याला 'ग्रामीण भाग' असं नाव दिलं होतं.

इथे एक बचाव नेहमी ऐकू येतो: "आम्ही निरपेक्ष आकडा मागतच नव्हतो, फक्त तुलना केली, आणि सेटिंग सगळीकडे सारखंच होतं." हा बचाव वरच्या उदाहरणातच पडतो. सेटिंग सारखं ठेवणं हीच तिथे चूक आहे, कारण मोजायच्या वस्तूंची रुंदी सारखी नाही. शिवाय ऑटोवर असाल तर सेटिंग सारखं नसतंच. स्पॅन बदलला की यंत्र आरबीडब्ल्यू बदलतं, रेफरन्स लेव्हल बदलली की अ‍ॅटेन्युएशन बदलतं, आणि ते तुम्हाला विचारत नाही. पडद्याच्या काठावर बारीक अक्षरात लिहितं तेवढंच. आपण फोटो काढताना नेमका तोच काठ कापतो.

एकच सिग्नल, सहा आकडे

समजा, १०० मेगाहर्ट्झचा एक ओएफडीएम सिग्नल सतत चालू आहे आणि त्याची खरी एकूण शक्ती उणे ६० डीबीएम आहे. यंत्र तेच, केबल तीच, जागा तीच. तरी हे सगळे आकडे त्याचेच:

- चॅनेल पॉवर, आरएमएस डिटेक्टर, १०० मेगाहर्ट्झवर बेरीज: उणे ६०.
- मार्कर, आरबीडब्ल्यू १ मेगाहर्ट्झ, आरएमएस: उणे ८०.
- मार्कर, आरबीडब्ल्यू १०० किलोहर्ट्झ, आरएमएस: उणे ९०.
- तेच, पण डेसिबलमधल्या रेषांची सरासरी घेतली तर: उणे ९२.५.
- तेच, पण पीक डिटेक्टर आणि मॅक्स होल्ड लावून चहा पिऊन आलात तर: उणे ८० च्या आसपास.
- फोनच्या सर्व्हिस मेनूतला आरएसआरपी: ढोबळमानाने उणे ९५.

चौथ्या ओळीतला अडीच डेसिबलचा फरक बऱ्याच जणांना माहीतच नसतो. ओएफडीएम सिग्नल यंत्राला गोंगाटासारखा दिसतो. गोंगाटाची आधी लॉग घेऊन मग सरासरी काढली तर उत्तर खऱ्या सरासरी शक्तीपेक्षा सुमारे २.५ डेसिबल कमी येतं, कारण लॉग घेताना खालचे खड्डे फुगतात आणि वरची शिखरं दबतात. व्हिडिओ बँडविड्थ अरुंद ठेवली की हेच घडतं. रेष मऊ, सुबक दिसते आणि आकडा घसरतो. पाचव्या ओळीत उलटं होतं. मॅक्स होल्ड तुम्हाला क्वचित येणारी शिखरं गोळा करून देतो. पुरात आलेली पातळी भिंतीवर खूण करून ठेवावी आणि नदी रोज एवढीच वाहते म्हणावं, तसं.

सहाव्या ओळीतला आरएसआरपी म्हणजे एका उपवाहकाची शक्ती, पूर्ण वाहकाची नाही. ३,२७६ उपवाहकांचा हिशेब केला तर ३५ डेसिबलचा फरक पडतो. प्रत्यक्षात टॉवरच्या बीममुळे आणि नेटवर्कवरच्या लोडमुळे तो थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून "फोनवर उणे ९५ आणि अ‍ॅनालायझरवर उणे ९०, म्हणजे दोन्ही जुळतात" असं लिहिलेलं दिसलं की थांबा. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं योगायोगाने शेजारी आली आहेत.

सहापैकी एकही आकडा खोटा नाही. पण कमाल आणि किमान यांत ३५ डेसिबल, म्हणजे तीन हजारपटींहून जास्त अंतर आहे. आकड्यासोबत सेटिंग लिहिलं नाही, तर वाचणाऱ्याने यातला कुठला समजायचा?

पुस्तिकांचं काय?

तुम्ही म्हणाल, हे सगळं पुस्तकात आहेच. आहे. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर शिकणाऱ्या बहुतेकांच्या हातात पहिल्यांदा पडते ती ह्यूलेट-पॅकार्डची 'अ‍ॅप्लिकेशन नोट १५०', म्हणजे 'स्पेक्ट्रम अ‍ॅनालिसिस बेसिक्स'. कंपनीचं नाव आधी एजिलंट झालं, २०१४ पासून कीसाइट झालं, पुस्तिका सुधारत राहिली. माझं तिच्याबद्दल मत चांगलंच आहे. यंत्राच्या आत काय चालतं, मिक्सर का ओव्हरलोड होतो, आवाजाची पातळी कुठून येते, हे इतकं स्वच्छ सांगणारी दुसरी मोफत पुस्तिका शोधायला तुम्हाला वेळ लागेल. लॉग सरासरीचे २.५ डेसिबलही त्यात समजावले आहेत.

तक्रार आहे ती क्रमाबद्दल. पुस्तिका सुईसारख्या सिग्नलपासून सुरू होते. दोन सुया वेगळ्या कशा ओळखायच्या, यावर आरबीडब्ल्यूची कल्पना उभी राहते. पसरलेल्या सिग्नलचा विचार नंतर, गोंगाटाच्या निमित्ताने येतो. ज्या काळात ती घडली तेव्हा हा क्रम बरोबरच होता. पण आज आपण हवेत जे मोजतो त्यातलं बहुतेक पसरलेलंच असतं. जो विद्यार्थी पहिली वीस-तीस पानं वाचून यंत्राकडे जातो, आणि आपण सगळे तेच करतो, त्याच्या डोक्यात आरबीडब्ल्यू म्हणजे 'बारीक बघण्याचं बटण' एवढंच राहतं. ते आकडा बदलणारं बटण आहे हे नंतर, परीक्षकांसमोर कळतं. म्हणून माझा सल्ला: गोंगाटावरचा भाग आधी वाचा, मग सुरुवातीला या.

ऑटोला काय दिसत नाही

आता यंत्र लावण्याकडे. ऑटो हे बटण वाईट नाही, पण त्याला फक्त पडद्यावरचं दिसतं. मिक्सरवर मात्र अँटेनातून येणारं सगळं आदळतं. माझ्या गच्चीवरून दिसणाऱ्या टॉवरवर ५जीसोबत इतरही पट्टे चालू होते. पडद्यावर ३.५ गिगाहर्ट्झच दिसत असलं तरी बाकीचे जोरकस सिग्नल यंत्राच्या दारात आलेलेच असतात. त्यांनी पुढची पायरी दबली, तर पडद्यावर नसलेले सिग्नल उगवतात. उपाय दोन. एक, अँटेनाच्या मागे योग्य पट्ट्याचा बँडपास फिल्टर. दोन, अ‍ॅटेन्युएशन हाताने १० डेसिबल वाढवून बघायचं. सिग्नल खरा असेल तर यंत्र भरपाई करून आकडा तिथेच ठेवतं. यंत्रातच तयार झालेला तिसऱ्या श्रेणीचा बनावट सिग्नल असेल तर तो दाखवताना सुमारे २० डेसिबल खाली येतो. एका मिनिटाची चाचणी आहे. किती प्रबंधांत ती केल्याचं लिहिलेलं असतं, तुम्हीच मोजा.

उलट बाजूला यंत्राचा स्वतःचा गोंगाट असतो. रुंद पट्ट्यात खरा घोटाळा इथे होतो. समजा, तुमच्या यंत्राची गोंगाटाची पातळी अ‍ॅटेन्युएशन शून्य असताना दर हर्ट्झला उणे १५० डीबीएम आहे. ऐकायला फारच कमी वाटते. १०० मेगाहर्ट्झवर बेरीज केली की त्यात ८० डेसिबल मिळतात आणि ती उणे ७० होते. ऑटोने १० डेसिबल अ‍ॅटेन्युएशन लावलं की उणे ६०. म्हणजे आपल्या उदाहरणातला सिग्नल आणि यंत्राचा गोंगाट एकाच उंचीवर! मग चॅनेल पॉवर उणे ५७ दाखवेल, त्यातलं अर्धं टॉवरचं आणि अर्धं यंत्राचं.

म्हणून अँटेना काढून तिथे ५० ओमचं टर्मिनेशन लावा, बाकी एकही सेटिंग न बदलता तेच मापन पुन्हा घ्या, आणि तो आकडाही लिहा. दोन्हींत १० डेसिबलचा फरक असेल तर चूक अर्ध्या डेसिबलच्या आत राहते. ३ डेसिबलच असेल तर तुमच्या आकड्यात निम्मा गोंगाट आहे. वजाबाकी करायचीच असेल तर मिलिवॉटमध्ये करा, डीबीएममध्ये नाही. हसू नका, मी केलेली आहे.

वेळेचा प्रश्न

कालव्याबद्दलचा दुसरा प्रश्न आठवा: "किती दिवस?" ३.५ गिगाहर्ट्झवरचं ५जी टीडीडी पद्धतीने चालतं. एकाच पट्ट्यात थोडा वेळ टॉवर बोलतो, थोडा वेळ फोन बोलतात. टॉवर तीन-चतुर्थांश वेळ बोलत असेल तर नुसती सरासरी सव्वा डेसिबलने कमी येते. हे फार नाही. पण फक्त बोलतानाचं मापन हवं असेल तर ट्रिगर आणि गेट लावावं लागतं, आणि लावलं की नाही ते लिहावं लागतं.

स्वीप होणाऱ्या अ‍ॅनालायझरचा त्रास वेगळाच. तो १०० मेगाहर्ट्झ एकदम बघत नाही. डावीकडून उजवीकडे सरकत जातो. सरकताना टॉवर गप्प असला की तेवढ्या जागी रेष खाली पडते. पडद्यावर तुटक्या दातांचा कंगवा दिसतो. मी एका मसुद्यात या खड्ड्यांना 'फ्रिक्वेन्सी सिलेक्टिव्ह फेडिंग' असं भारदस्त नाव दिलेलं वाचलं आहे. पुन्हा एकदा स्वीप केला असता तर दिसलं असतं की खड्डे दर वेळी जागा बदलतात. पडण्याचं कारण वेळेत आहे, कंप्रतेत नाही.

आणि रात्र. नेटवर्कवर कुणी नसतं तेव्हा ५जीचा टॉवर जवळजवळ गप्प असतो. ठरावीक वेळाने, साधारणपणे २० मिलिसेकंदांनी, ओळख देणारा छोटा गठ्ठा पाठवतो. त्याची रुंदी १०० मेगाहर्ट्झ नसते, ७.२ मेगाहर्ट्झ असते. रात्री दोनला घाईचा स्वीप केलात तर तो हुकेलही. स्वीप संथ ठेवा: प्रत्येक बिंदूवर निदान २० मिलिसेकंद, म्हणजे हजार बिंदूंना २० सेकंद. त्यामुळे "सिग्नल किती?" या प्रश्नाला वेळ लिहिल्याशिवाय उत्तरच नाही. दुपारी तीन आणि रात्री दोन यांतला फरक हा टॉवरच्या ताकदीचा नसून लोकांच्या झोपेचा असू शकतो.

ईव्हीएमची सजावट

इथे ईव्हीएम म्हणजे मतदान यंत्र नव्हे, एरर व्हेक्टर मॅग्निट्यूड. आलेला ठिपका जिथे यायला हवा होता तिथून किती ढळला, ते टक्क्यांत. ३जीपीपीच्या तपशीलात टॉवरच्या प्रक्षेपकासाठी मर्यादा ठरलेल्या आहेत: क्यूपीएसकेला १७.५ टक्के, १६ क्वामला १२.५, ६४ क्वामला ८ आणि २५६ क्वामला ३.५. प्रबंधात हा तक्ता उतरवून शेजारी गच्चीवर मोजलेला ईव्हीएम ठेवण्याची एक पद्धत पडली आहे. तक्ता बरोबर, तुलना चूक. त्या मर्यादा प्रक्षेपकाच्या दारात, ठरलेल्या चाचणी-सिग्नलवर, ठरलेल्या पद्धतीने तपासायच्या असतात. गच्चीवर येईपर्यंत सिग्नल भिंतींवरून उड्या मारून, तुमच्या यंत्राच्या गोंगाटात न्हाऊन आलेला असतो. तिथे १२ टक्के आले म्हणून टॉवर नापास होत नाही.

शिवाय ईव्हीएमसाठी यंत्राने पूर्ण १०० मेगाहर्ट्झ एकाच वेळी पकडायला हवेत. त्याला अ‍ॅनालिसिस बँडविड्थ म्हणतात, आणि ती स्पॅनपेक्षा वेगळी गोष्ट आहे. माझ्या हातातल्या यंत्राची तेवढी नव्हती. म्हणून माझ्या प्रबंधात ईव्हीएम नाही. न मोजता येणारी गोष्ट गाळणं हेही मापनच आहे.

खोडदकडून शिकण्यासारखं

आमच्या कालव्याचं पाणी ज्या जुन्नर तालुक्यातून येतं, तिथेच नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, आपली जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, पुण्याच्या एनसीआरएची. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. रुंद पट्ट्याचा प्रश्न त्यांनी आपल्यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर सोडवला आहे. मूळ यंत्रणेची बँडविड्थ ३२ मेगाहर्ट्झ होती. सुधारित जीएमआरटीमध्ये ती ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. खिडकी एवढी मोठी केली की हवा येते तशी धूळही येते, म्हणजे नको असलेले मानवी सिग्नलही आत येतात. त्यांच्या पट्ट्यांची यादी बघा: ५५० ते ८५० आणि मग थेट १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ. मधल्या फटीत काय येतं? मोबाइलचा ९०० चा पट्टा.

पण मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं एकक. रेडिओ खगोलशास्त्रात स्रोताची तीव्रता जान्स्कीमध्ये सांगतात. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० चा उणे २६ वा घात इतके वॉट. 'दर हर्ट्झला' हे एककाच्या पोटातच आहे. 'किती रुंदीत?' हा परीक्षकांचा प्रश्न तिथे उरतच नाही. डीबीएममध्ये ती सोय नाही. म्हणून ती जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

मग पान कसं असावं?

सहा महिन्यांनी मी पुन्हा गच्चीवर गेले. या वेळी फिल्टर, टर्मिनेशन आणि वही घेऊन. प्रत्येक मापनाशेजारी या गोष्टी लिहिल्या: मध्य कंप्रता आणि बेरजेची रुंदी. आरबीडब्ल्यू आणि व्हीबीडब्ल्यू (दुसरी पहिलीच्या निदान तिप्पट). डिटेक्टर आरएमएस. स्वीपची वेळ आणि बिंदू. अ‍ॅटेन्युएशन, प्रीअ‍ॅम्प चालू की बंद. १० डेसिबलच्या चाचणीत आकडा हलला का. टर्मिनेशन लावून आलेली पातळी. केबलचा आणि फिल्टरचा ऱ्हास, आणि आकडा यंत्राच्या दारातला की अँटेनाच्या. अँटेनाची दिशा व उंची. तारीख, वेळ. गेट लावलं की नाही. पाच मिनिटांचं लिखाण, आणि पानावर फार तर आठ ओळी.

तिन्ही सिग्नल चार-पाच डेसिबलच्या आत आले. खांब जवळजवळ सारखे. "ग्रामीण भागात ५जी अतिशय क्षीण" हे वाक्य गेलं. त्याच्या जागी आलं ते फारच मामुली दिसतं: या गच्चीवर, या दिवशी, सायंकाळी अमुक ते अमुक वेळेत, तीन वाहकांच्या एकूण शक्तीत पाच डेसिबलपेक्षा जास्त फरक आढळला नाही. हे वाक्य बातमी होणार नाही. पण कुणी उद्या कर्जतला येऊन तपासलं तर ते टिकेल.

जुनं वाक्य खोडणं मात्र तेवढं सोपं गेलं नाही. माझ्या एका ज्युनियरने तो स्तंभालेख त्याच्या सारांशात घेतला होता. त्याचा अख्खा प्रस्तावच 'ग्रामीण ५जी क्षीण का?' या प्रश्नावर उभा होता. त्याला फोन करून सांगावं लागलं की कारण शोधू नकोस, घटनाच घडलेली नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, पण फोटोत तर स्पष्ट दिसतंय." त्याने फोटो पाठवला. मी तो मोठा करून बघितला. काठ मीच कापलेला होता.

तुमची पहिली मापनं लवकरच सुरू होतील. फोटो जरूर काढा, पण अख्ख्या पडद्याचा काढा.